बायबलमधली हरवलेली गावं शोधणारा शिक्षक : एडवर्ड रॉबिन्सन



नाताळच्या सुट्टीआधी सातवीच्या वर्गात येशूच्या जन्माची गोष्ट सांगत होते. बेथलेहेमचं नाव आलं तसा एका मुलीने हात वर केला. हे गाव खरं आहे की गोष्टीतलं, असं तिने विचारलं. खरं आहे, आजही तिथे लोक राहतात, असं मी सांगितलं. मग तिचा दुसरा प्रश्न आला आणि तो जरा अवघड होता. दोन-तीन हजार वर्षांत किती राजे आले नि गेले, गावं उठली, भाषा बदलल्या. मग हेच ते गाव, हे कुणी ठरवलं आणि कशावरून?

बेथलेहेम, जेरुसलेम, हेब्रोन ही मोठी नावं कधी हरवलीच नाहीत. पण बायबलच्या जुन्या करारात लहान लहान गावांची शेकडो नावं येतात. बेथेल, शिलो, गिबोन, मिखमाश, अनाथोथ, बैर-शेबा. कुणाचा जन्म तिथला, कुठे लढाई झालेली, कुठे कुणाची विहीर. दोनशे वर्षांपूर्वी ही बहुतेक नावं युरोप-अमेरिकेतल्या अभ्यासकांसाठी नुसती पुस्तकात उरली होती. ती पुन्हा जमिनीवर नेऊन ठेवण्याचं मोठं काम १८३८ साली ज्याने केलं, तो पेशाने शिक्षक होता. त्याचं नाव एडवर्ड रॉबिन्सन. आपल्याकडे हे नाव फार कुणी ऐकलेलं नसतं, पण जेरुसलेमला जाऊन आलेल्या माणसाने 'रॉबिन्सनची कमान' बहुधा पाहिलेली असते. आजचा लेख या माणसाविषयी. त्याला काय सापडलं हे तर सांगायचंच आहे. पण काय त्याच्या पायाखाली असून सापडलं नाही, ते मला जास्त सांगावंसं वाटतं.

रॉबिन्सनचा जन्म १० एप्रिल १७९४ रोजी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, साउदिंग्टन या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते आणि शेतीही करायचे. मुलाला गणित आणि ग्रीक दोन्हींची गोडी. न्यूयॉर्क राज्यातल्या हॅमिल्टन कॉलेजातून तो १८१६ साली पदवीधर झाला आणि पुढे थोडा काळ तिथेच हे दोन्ही विषय शिकवू लागला. १८१८ मध्ये त्याचं एलायझा कर्कलंड हिच्याशी लग्न झालं. वर्षही पुरं झालं नाही तोच ती वारली. पुढची दोनेक वर्षं तो तिच्याच शेतावर राहिला. दिवसा शेताची कामं बघायची आणि उरलेल्या वेळात होमरचं इलियड वाचायचं, असा त्याचा दिनक्रम. त्या काव्याच्या काही सर्गांची विद्यार्थ्यांसाठी आवृत्ती तयार करून ती छापून घ्यायला तो मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर गावी गेला आणि तिथे मोझेस स्टुअर्ट नावाच्या प्राध्यापकांनी त्याला हिब्रूकडे ओढलं. गेला होता ग्रीक पुस्तक छापायला, आणि लवकरच तिथे हिब्रू शिकवायला लागला!

हिब्रू शिकवता शिकवता त्याला स्वतःचं अपुरेपण जाणवलं असावं. कारण १८२६ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, चांगली नोकरी सोडून तो जर्मनीला पुन्हा विद्यार्थी व्हायला गेला. चार वर्षं राहिला. हाल्लेला गेझेनियस हा हिब्रूचा त्या काळातला सर्वांत मोठा कोशकार होता, त्याच्याकडे हिब्रू. बर्लिनला कार्ल रिटर, आधुनिक भूगोलाच्या संस्थापकांपैकी एक, त्याच्याकडे भूगोल. एकाने शब्दाचं मूळ कसं शोधायचं ते शिकवलं, दुसऱ्याने डोंगर-दऱ्या-पाणी यांवरून माणसांचा इतिहास कसा वाचायचा ते. पुढचं सगळं काम या दोन गुरूंच्या शिकवणीतूनच उभं राहिलं.

हाल्लेमध्येच १८२८ साली त्याचं दुसरं लग्न झालं, टेरेझ फॉन याकोब हिच्याशी. ही बाई स्वतः नामवंत लेखिका होती. बालपण रशियात गेलेलं, अनेक भाषा येणाऱ्या, सर्बियन लोकगीतांचं जर्मन भाषांतर करून कवी गटेची शाबासकी मिळवलेल्या या बाईने आपल्या नावाच्या आद्याक्षरांचं 'टाल्वी' असं टोपणनाव केलं होतं. तोंडी परंपरेतली गाणी कागदावर आणणारी बायको आणि पुढे तोंडी परंपरेतली गावांची नावं कागदावर आणणारा नवरा. हा योगायोग असेलही, पण घरात यावर बोलणं झालंच असणार असं मला आपलं वाटतं.

१८३० मध्ये अमेरिकेला परतल्यावर त्याने पुन्हा अँडोव्हरला शिकवलं, एक अभ्यासपूर्ण नियतकालिक सुरू केलं, तब्येत ढासळल्यामुळे नोकरी सोडली, बॉस्टनला बसून दोन मोठे शब्दकोश पुरे केले. ही वर्षं मी भरभर ओलांडते आहे. कारण खरी गोष्ट सुरू होते ती १८३२ साली, जेव्हा त्याचा एक जुना विद्यार्थी सुट्टीवर घरी आला तेव्हा.

या विद्यार्थ्याचं नाव ईलाय स्मिथ. तो अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेच्या कामावर बैरुतला होता. (आपल्याला ही संस्था परकी नाही. हिचीच माणसं १८१३ साली मुंबईत उतरली आणि अहमदनगरचं अमेरिकन मिशनही हिचंच. मुंबईतल्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात देवनागरी खिळे सुधारण्याचं काम चाललं होतं, त्याच दशकात तिकडे स्मिथ सुबक अरबी खिळ्यांच्या मागे लागला होता.) स्मिथला अरबी उत्तम यायचं. पुस्तकी अरबी तर यायचंच, पण गावकऱ्यांशी आणि उंटवाल्यांशी गप्पा मारण्याइतकं बोलीतलंही यायचं. गुरू-शिष्यांनी ठरवलं की एकदा दोघांनी मिळून बायबलची भूमी पायाखाली घालायची. १८३७ मध्ये न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीने रॉबिन्सनला प्राध्यापक म्हणून बोलावलं. त्याने अट घातली की आधी प्रवास, मग नोकरी. संस्थेने मान्य केलं. बायको-मुलांना जर्मनीत ठेवून तो कैरोला पोचला.

१२ मार्च १८३८ रोजी उंटांचा तांडा कैरोहून निघाला. सामान फार नव्हतं. एक मोजणीदाराचं होकायंत्र, खिशातली दोन लहान होकायंत्रं, दुर्बिणी, थर्मामीटर, मोजायची फीत. हिब्रू आणि इंग्रजी बायबल, आधीच्या प्रवाशांची निवडक पुस्तकं. अंतर मोजायची पद्धत म्हणजे घड्याळ लावून उंट किती तास चालला ते लिहायचं. आणखी एक शिस्त दोघांनी पाळली. रोजची टिपणं प्रत्येकाने स्वतंत्र लिहायची, म्हणजे एकाच्या चुकीची दुसऱ्याला लागण होणार नाही. प्रयोगवहीची नक्कल करणाऱ्या आपल्या मुलांना हे जरूर सांगा.

वेळही बरी होती. इजिप्तचा मुहम्मद अली आणि त्याचा मुलगा इब्राहिम पाशा यांच्या ताब्यात तेव्हा पॅलेस्टाईन होतं. गावकऱ्यांवर करांचं आणि सैन्यभरतीचं ओझं भयंकर होतं, १८३४ साली त्यावरून मोठं बंडही झालं होतं. पण परक्या प्रवाशाला रस्ते पूर्वीपेक्षा सुरक्षित होते.

सिनाई पर्वतापाशी सेंट कॅथरीनच्या मठात ते राहिले. त्या काळी मठाला वापरातला दरवाजाच नव्हता. भिंतीत उंचावरच्या खिडकीतून दोर सोडायचे आणि पाहुण्याला वर ओढून घ्यायचे. तिथल्या साधूंनी त्यांना परंपरेने मानलेलं शिखर दाखवलं. रॉबिन्सन वर चढला आणि त्याने एकच साधी गोष्ट पाहिली. मोशेला नियमशास्त्र मिळालं तेव्हा सगळे लोक खाली उभे राहून पर्वताकडे पाहत होते असं निर्गम या पुस्तकात आहे. या शिखरावरून तर खालचं मैदान दिसतच नाही! मग तो शेजारच्या कड्यावर धडपडत चढला. तिथून खाली अर-राहा हे लांबरुंद मैदान पसरलेलं दिसलं. त्याने मैदानाची मापं घेतली आणि एवढा समुदाय इथेच मावू शकतो असं मत नोंदवलं. मूळ घटना घडली कशी आणि कुठे, हा वाद आजही मिटलेला नाही. पण शास्त्रातलं वाक्य आणि डोळ्यांपुढची जमीन एकमेकींपुढे धरून पाहायची ही पद्धत इथे पहिल्यांदा ठळक दिसते.

अकाब्याहून वाळवंट कापत ते उत्तरेला निघाले. १० एप्रिलला रॉबिन्सनला चव्वेचाळीस वर्षं पूर्ण झाली ती उंटावरच. १२ एप्रिलला एका कोरड्या ओढ्याच्या काठी दोन विहिरी लागल्या. बांधीव, खोल, जिवंत पाण्याच्या. मोठी साडेबारा फूट रुंद आणि पाण्यापर्यंत साडेचव्वेचाळीस फूट खोल, तळाचा भाग कातळात खोदलेला. दुसरी पाच फूट रुंद आणि बेचाळीस फूट खोल. भोवती गुरांना पाणी पाजायच्या दगडी डोण्या. कठड्याच्या दगडांवर दोर घासून घासून पडलेल्या खाचा. आपल्याकडच्या जुन्या आडांच्या काठावर अशा खाचा पाहिल्या नाहीत असा माणूस विरळा. बरोबरचे अरब या जागेला बीर एस्-सेबा म्हणत होते. अब्राहामाने जिथे विहीर खणून शपथ वाहिली ते बैर-शेबा! नाव तेच, विहिरी त्याच जागी, आणि पाणी अजून गोड. दोनच दिवसांनी, १४ एप्रिलला, ईस्टरच्या आदल्या दिवशी ते जेरुसलेममध्ये शिरले.

आता त्यांच्या पद्धतीविषयी जरा थांबून बोलू या, कारण शिक्षकांच्या दृष्टीने इथेच खरा माल आहे.

आधीचे युरोपीय प्रवासी काय करत? मठात उतरत, साधू दाखवतील त्या जागा पाहत, दुभाष्या सांगेल ते लिहून घेत, आणि ठरलेल्या यात्रामार्गानेच परत जात. हे साधू बहुतेक परदेशातून आलेले, पुष्कळांना अरबी नीट येत नसे. रॉबिन्सनने ठरवलं की मठांच्या तोंडून आलेली माहिती प्रमाण धरायची नाही. तंबूत राहायचं, ठरलेला मार्ग सोडून आडवाटेने जायचं आणि शेतकऱ्यांना, गुराख्यांना, शेखांना विचारायचं. त्याचा तर्क भाषेच्या अभ्यासकाचा होता. अरबी आणि हिब्रू या बहिणी-बहिणी. हिब्रूच्या जागी आरामाइक आली, मग अरबी आली, पण जमीन कसणारा माणूस पिढ्यानपिढ्या तिथेच राहिला. ग्रीक आणि रोमन राजवटींनी शहरांना दिलेली भारदस्त नावं राजवटींबरोबर पुष्कळदा पुसली गेली, पण गावकऱ्याने आपलं जुनं नाव सोडलं नाही. आपल्याकडे बघा ना. प्रतिष्ठानचं पैठण झालं, शूर्पारकाचं सोपारा झालं. नाव झिजतं, पण मरत नाही.

विचारायचं कसं, यातही मेख होती. हेच का शिलो, असं विचारलं तर पाहुण्याला बरं वाटावं म्हणून कुणीही मान डोलावणार. आपल्याकडेही वाटसरूने हाच का तालुक्याचा रस्ता म्हटलं की हो म्हणणारे भेटतातच! म्हणून स्मिथ उत्तर सुचवणारा प्रश्न टाळायचा. त्या टेकडीपलीकडे काय आहे, त्या पडक्या जागेला काय म्हणता, तिथून पुढे कोणतं गाव लागतं, असं विचारायचं. मग तेच दुसऱ्या गावात दुसऱ्या माणसाला विचारायचं. नाव अरबी लिपीत जसंच्या तसं उतरवायचं. रॉबिन्सन मग होकायंत्राने दिशा घ्यायचा आणि बायबलमधला उल्लेख काढून जुळतं का पाहायचा.

या पद्धतीने काय होतं ते ४ आणि ५ मे १८३८ या दोन दिवसांत दिसलं. जेरुसलेमहून उत्तरेकडे त्यांनी एक छोटी फेरी केली. पहिलं गाव लागलं अनाता. यिर्मया संदेष्ट्याचं अनाथोथ. पुढे जेबा, म्हणजे गेबा. खोल दरीपलीकडे मुखमास, म्हणजे मिखमाश. शौलाचा मुलगा योनाथान आपल्या शस्त्रवाहकासह दोन सुळक्यांमधून चढून शत्रूच्या चौकीवर गेला ती ही दरी. संध्याकाळपर्यंत आणखी गावं. दुसऱ्या दिवशी बेतीन. इथे क्षणभर अडायला होतं, कारण बेतीन म्हणजे बेथेल हे कानाला पटकन पटत नाही. पण रॉबिन्सनच्या लक्षात आलं की हिब्रू नावाच्या शेवटचा 'एल' अरबी बोलण्यात 'ईन' होतो. उत्तरेकडच्या इज्रेलचं झेरीन झालंय तसंच. जागाही बरोबर होती. याकोबाने दगड उशाला घेऊन स्वर्गाला टेकलेली शिडी स्वप्नात पाहिली ते हे ठिकाण. परतताना अल्-जीब. सूर्य थांबल्याची कथा ज्या लढाईशी जोडलेली आहे ते गिबोन.

एवढी नावं, आणि सगळी जेरुसलेमपासून एका दिवसाच्या अंतरात! शतकानुशतकं यात्रेकरू जेरुसलेमला येत होते. शेजारच्या गावकऱ्याला गावाचं नाव विचारायचं बहुतेकांना सुचलं नाही, इतकंच.

जून महिन्यात उत्तरेला जाताना त्यांनी सेलून नावाचं ओसाड ठिकाण गाठलं. शास्ते या पुस्तकात शिलोचा पत्ता जवळजवळ पोस्टाच्या पत्त्यासारखा दिलाय. बेथेलच्या उत्तरेला, बेथेलहून शखेमला जाणाऱ्या रस्त्याच्या पूर्वेला, लबोनाच्या दक्षिणेला. बेतीन मागे राहिलं होतं, लुब्बान गाव पुढे होतं, रस्ता पश्चिमेला होता. हन्नाने मूल मागितलं आणि पुढे लहानगा शमुवेल ज्या मंडपात एलीच्या हाताखाली वाढला, तो मंडप इथे होता. आता तिथे पडक्या भिंती होत्या आणि जवळ एक झरा.

जेरुसलेममधला त्यांचा एक उद्योग मुलांना फार आवडतो, म्हणून तो सविस्तर सांगते. शहराबाहेर गीहोनचा झरा आहे आणि डोंगराच्या दुसऱ्या अंगाला शिलोहचं तळं. दोन्ही एका भुयाराने जोडलेली आहेत असं लोक म्हणत, पण ते नीट मोजून कुणी खात्री करून दिली नव्हती. रॉबिन्सन आणि स्मिथ मेणबत्त्या घेऊन तळ्याच्या बाजूने पाण्यात उतरले. छत आधी उंच होतं, मग खाली खाली आलं. आधी उभं राहून, मग वाकून. आठशे फुटांवर आता रांगल्याशिवाय पुढे जाता येईना. तेवढी तयारी नव्हती. त्यांनी मेणबत्तीच्या काजळीने छतावर आपली आद्याक्षरं आणि ८०० हा आकडा काढला आणि परतले. काही दिवसांनी झऱ्याच्या बाजूने शिरले. या वेळी कोपरांवर अंग ओढत, पाण्यात आडवे होऊन सरकले, आणि साडेनऊशे फुटांवर छतावर त्यांना आपलीच काजळीची अक्षरं दिसली. एकूण १७५० फूट. मीटरमध्ये करून पाहा, ५३३ येतात. आज या भुयाराची लांबी तेवढीच धरतात. कॉलेजातला प्राध्यापक, वय चव्वेचाळीस, तब्येत नाजूक, चिखलपाण्यात पोटावर!

तिथेच आणखी एक गंमत. झऱ्यावर धुणं धुणाऱ्या बायकांनी सांगितलं की पाणी कधी येतं, कधी थांबतं. स्थानिक समजूत अशी की आत एक अजगरासारखा राक्षस राहतो. तो जागा असला की पाणी अडवतो, झोपला की पाणी सुटतं. विद्वान माणूस हसून पुढे गेला असता. हे दोघे तिथे थांबले, आणि पाच मिनिटांच्या आत पाणी सुमारे फूटभर चढलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. राक्षसाचं सोडा, पण पाणी थांबून थांबून येतं हे बायकांचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं.

२६ जूनला ते बैरुतला पोचले. कैरोहून निघाल्यापासून जेमतेम साडेतीन महिने. परतीच्या वाटेवर रॉबिन्सन व्हिएन्नाला इतका आजारी पडला की वाचण्याची आशा नव्हती. सावरून बर्लिनला गेला आणि दोन वर्षं लिहीत बसला. हाइनरिश कीपर्ट या विशीतल्या तरुणाने नकाशे काढले, तो पुढे जर्मनीतला नामांकित नकाशाकार झाला. तीन खंडांचं पुस्तक १८४१ मध्ये अमेरिका, इंग्लंड आणि जर्मनीत एकाच वेळी निघालं. शेवटी स्मिथने जमवलेल्या अरबी गावनावांच्या याद्या. मुखपृष्ठावर दोघांची नावं. लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीचं सुवर्णपदक १८४२ मध्ये मात्र एकट्या रॉबिन्सनला मिळालं आणि कमानीलाही त्याचंच नाव चिकटलं. स्मिथ पुढे अरबी बायबलच्या भाषांतराला लागला, बुत्रुस अल्-बुस्तानी या लेबनीज विद्वानाच्या मदतीने. ते पुरं व्हायच्या आधीच, १८५७ मध्ये, तो बैरुतला वारला. आणि ज्यांच्या तोंडून ही सगळी नावं आली त्या शेतकऱ्यांसाठी, गुराख्यांसाठी कुठलंच पदक नव्हतं.

आता ती दुसरी बाजू.

मंदिराच्या टेकडीच्या पश्चिम भिंतीतून बाहेर आलेले प्रचंड वाकडे दगड रॉबिन्सनने पाहिले आणि ओळखलं की ही कमानीची सुरुवात आहे. दरीवरून पलीकडे जाणाऱ्या पुलाची असावी असं त्याला वाटलं. कमान खरी ठरली, पूल नाही. १९६८ नंतरच्या उत्खननात दिसलं की ती खालच्या रस्त्यावरून वर जाणाऱ्या जिन्याची कमान होती. ही चूक किरकोळ म्हणू.

येशूच्या थडग्याचं पवित्र मंदिर खोट्या जागी आहे, असं त्याने ठामपणे लिहिलं. कारण ते शहराच्या तटाच्या आत आहे आणि क्रूस तर शहराबाहेर होता. त्यावरून मोठं वादळ उठलं. पण आजचा तट पुष्कळ नंतरचा आहे. येशूच्या काळी ती जागा तटाबाहेरची जुनी दगडखाण होती, असं विसाव्या शतकातल्या उत्खननांवरून बहुतेक अभ्यासक मानतात. मंदिराच्या आतच त्या काळातली कातळात खोदलेली ज्यू थडगी आहेत, आणि ज्यू लोक वस्तीत थडगी करत नसत. साधूंवर विश्वास ठेवायचा नाही हा त्याचा नियम शंभर ठिकाणी उपयोगी पडला आणि इथे त्यानेच घात केला.

१८५२ मध्ये तो पुन्हा आला. गालील सरोवराकाठी तेल हूमच्या अवशेषांत उभं राहून त्याने बरोबर ओळखलं की हे ज्यूंचं सभास्थान आहे. पण हेच कफर्णहूम, हे मानलं नाही. त्याने ते काही मैलांवर दुसरीकडे ठेवलं. आज कफर्णहूम म्हणून लोक जे पाहायला जातात, ते तेल हूमच.

शिलोहच्या भुयारात तर हद्दच झाली. १८८० मध्ये एक शाळकरी मुलगा तळ्याच्या बाजूने आत गेला असताना त्याला भिंतीवर कोरलेली अक्षरं दिसली. जुन्या हिब्रूतल्या सहा ओळी. दोन्ही बाजूंनी खोदत आलेल्या कामगारांना पलीकडच्यांचे आवाज ऐकू आले, शेवटी कुदळीला कुदळ भिडली आणि पाणी वाहू लागलं, असं त्यात लिहिलंय. हिज्कीया राजाच्या काळचं हे काम मानतात. म्हणजे रॉबिन्सन ज्या शोधासाठी आयुष्य घालवत होता, तो त्याच्या खांद्यापासून हातभर अंतरावर, अर्धा पाण्याखाली होता. मेणबत्ती हातात, नजर फितीवर, आणि तो तसाच पुढे सरकत गेला.

आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे टेकाडांची. दक्षिणेला तेल अल्-हेसी म्हणून एक मोठं टेकाड आहे. १८३८ च्या मे महिन्यात दोघे त्यावर चढले. सुरेख आकार, वर सपाट मैदान, बाजूला ओढा. रॉबिन्सनने जागेची तारीफ केली, पण वर एकही पडकी भिंत नाही म्हणून ते पुढे निघून गेले. अरबीत 'तेल' म्हणजे टेकाड, एवढंच तो समजला. ते टेकाड निसर्गाने केलेलं नसून एकावर एक वसलेल्या, जळलेल्या, पुन्हा वसलेल्या गावांचं आहे, हे त्याच्या मनातही आलं नाही. बावन्न वर्षांनी, १८९० मध्ये, फ्लिंडर्स पेट्री याने तिथेच सहा आठवडे खोदलं. थरांतल्या खापरांवरून काळ कसा ठरवायचा, हे त्या देशात पहिल्यांदा त्याने त्या टेकाडावर दाखवून दिलं.

आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागलं नसतं. जुन्या वस्तीच्या जागेला आपण पांढर म्हणतो, कसायच्या जमिनीला काळी. पांढरीची माती राखाडी, भुसभुशीत, तिच्यात खापरं निघतात, आणि शेताला खत म्हणून ती चांगली हे जुन्या माणसांना पक्कं ठाऊक. रॉबिन्सनने गावकऱ्यांना नावं हजार विचारली. माती विचारली नाही.

तरी नावांच्या बाबतीत त्याचा कान सच्चा होता. १९५६ पासून अल्-जीबला उत्खनन झालं तेव्हा एका मोठ्या पाण्याच्या कुंडातून मडक्यांच्या मुठी निघाल्या. त्यांवर जुन्या हिब्रू अक्षरांत गिबोन असं कोरलेलं होतं. निव्वळ गावच्या नावावरून आणि दिशेवरून केलेलं अनुमान एकशे अठरा वर्षांनी त्या जमिनीनेच कबूल केलं.

उतारवयात त्याची दृष्टी अधू झाली. बायबलच्या भूमीचा सबंध भूगोल लिहायचं त्याचं स्वप्न होतं, तो अर्धाच राहिला. २७ जानेवारी १८६३ रोजी न्यूयॉर्कला तो वारला. जेवढं लिहून झालं होतं तेवढं टेरेझने १८६५ मध्ये प्रसिद्ध केलं आणि ती जर्मनीला परत गेली. ज्या झेरीनवरून त्याला 'एल'चा 'ईन' कसा होतो ते सुचलं, ते झेरीन गाव १९४८ च्या युद्धात ओस पडलं. तिथे ते नाव बोलणारं आता कुणी राहत नाही.

सुट्टीनंतर वर्गाला मी एक काम दिलं. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला आपल्या शिवारातल्या जागांची नावं विचारून यायचं. अट एकच, उत्तर सुचवायचं नाही. जे नाव येईल ते जसंच्या तसं लिहायचं. पंचवीस-तीस नावं आली. चिंचेचा पट्टा, जिथे चिंच नाही. घोडबाव, म्हणजे बुजलेली विहीर. आणि जिने पहिला प्रश्न विचारला होता, तिच्या आजीने ओढ्यापलीकडच्या त्यांच्या हरभऱ्याच्या वावराला जुनी पांढर म्हणतात असं सांगितलं. तिथे घर कधी कुणी पाहिलेलं नाही. येत्या शनिवारी आम्ही तिकडे जाणार आहोत, पायी.